बुंध्याशी उभा राहणारा एल्बर्ट

आमच्या हॉटेलात घोडागाडीनं येणारे पाहुणे आधी धूळ झटकतात, मग झाडं बघतात आणि जाताना झाडांचे फोटो घेऊन जातात. जुन्या फोटोंत प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक इवलासा माणूस आहे, ताठ, हॅट घातलेला. तो एल्बर्ट टनिक्लिफ, पाहुण्यांना रानात फिरवणारा वाटाड्या. झाड केवढं थोरलं ते कळावं म्हणून फोटोवाले प्रॉसर त्याला तिथं उभं करायचे. वीस वर्षं मी इथल्या स्वयंपाकघरात राबतेय, पण इतका स्थिर माणूस दुसरा पाहिला नाही. त्या गर्द सावलीत कॅमेऱ्याचं झाकण दहा-बारा सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात डास चावला तरी एल्बर्टची पापणी लवत नसे. मी म्हणायची, अरे, तू मेलास तरी प्रॉसरना आठवडाभर पत्ता लागायचा नाही. तो नुसता हसायचा.

बायको आधीच गेलेली. डेसी ही एकुलती एक पोर, सहा वर्षांची, माझ्या पायात घुटमळत वाढलेली. त्या सप्टेंबरात ती हट्टालाच पेटली, मलाही बाबाबरोबर फोटोत यायचंय. मीच तिचा पांढरा फ्रॉक इस्त्री करून दिला. एल्बर्टनं तिचा हात धरला, प्रॉसरनी झाकण काढलं, आणि बाईसाहेब लागल्या इकडेतिकडे बघायला. खार दिसली होती तिला. फोटोची काचेची प्लेट वाया गेली म्हणून प्रॉसर करवादले. एल्बर्ट लेकीला कधी रागवत नसे, पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर बोलला. "एवढंसं उभं राहता येत नाही तुला?"

डिसेंबरात बर्फानं रस्ता बंद झाला आणि डेसीला घटसर्प झाला. डॉक्टर खाली गावात, तीस मैलांवर. चार दिवस आम्ही दोघं तिच्या उशाशी होतो. शेवटच्या दुपारी तिनं डोळे उघडले. घशातून आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाली, "बाबा, बघ, मी हलत नाहीये." एल्बर्ट उठून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला. आजही ते आठवलं की मला हातातलं भांडं खाली ठेवावं लागतं.

तिचा दुसरा फोटो नव्हताच. त्या एका प्लेटच्या आशेवर एल्बर्टनं हिवाळा काढला. रोज येऊन विचारायचा, चेहरा नसेल, पण पांढरं काहीतरी उमटलं असेल ना? मी म्हणायची, असेल रे.

मेमध्ये रस्ता मोकळा झाला आणि प्रॉसर पेटीभर फोटो घेऊन आले. त्यात ते झाड होतं. बुंध्याशी एल्बर्ट होता, डावा हात किंचित बाजूला, बोटं मिटलेली. त्या हाताशी कोणीच नव्हतं, नुसती झाडाची साल.

प्रॉसरना बिचाऱ्यांना काय ठाऊक! उलट खुशीत सांगू लागले, प्लेट अगदीच वाया जाऊ दिली नाही. धुरासारखा डाग होता, तो चाकूच्या टोकानं खरवडला आणि पेन्सिलीनं तिथं झाडाची साल रेखली, कळतसुद्धा नाही. मी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेटीत पुन्हा हात घातला. मग स्वतःच ती काच काढून एल्बर्टच्या हातात दिली. त्यानं ती खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहिली.

"खरवडलेलं कुठे टाकलंत?" त्यानं विचारलं.

"फुंकर मारली," प्रॉसर खाली बघत म्हणाले.

आठवड्यानं त्याच झाडाचा पुन्हा फोटो काढायचा होता. नको जाऊस म्हणून मी एल्बर्टला परोपरीनं सांगितलं, पण तो गेला. प्रॉसरनी झाकण काढलं. एल्बर्ट क्षणभर उभा राहिला आणि मग बुंध्यापुढून सावकाश चालू लागला, डावा हात बाजूला धरून, लहान मुलाच्या पावलानं. झाकण बसेपर्यंत तो चालत होता.

"एल्बर्ट, हललास तू," प्रॉसर हळूच म्हणाले.

"हो. आता मलाही खरवडून टाका."

प्रॉसरनी त्या प्लेटला हात लावला नाही. तिच्यात बुंध्यापुढे नुसता पांढुरका धूर आहे, आणि मेले पाहुणे तोच फोटो भूत म्हणून हौसेनं मागतात. मला भडभडून रडू येतं आणि रागही येतो. एल्बर्ट त्याच महिन्यात डोंगर उतरून गेला, तो परत आला नाही. प्रॉसरनी त्याच्या जागी दुसरं कोणी उभं केलं नाही. त्यामुळे नव्या फोटोंत झाडं केवढी आहेत ते कळतच नाही.