प्रेस शॉपच्या कानांची फाइल

आमच्या कंपनीचं मेनफ्रेम, कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर, बंद करायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते चालवता येणारी मी एकटीच उरले होते. बाकीचे निवृत्त झाले, नाहीतर हिंजवडीला गेले. सगळा डेटा पीसीवर न्यायचा, यंत्राच्या डिस्क कोऱ्या करायच्या आणि यंत्र परत द्यायचं. यंत्र भाड्याचं होतं. शुक्रवारी ट्रक येणार हे ठरलेलं होतं.

बुधवारी दुपारी कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. कोथरूडच्या, साठीला टेकलेल्या बाई, बोलणं मोजकं.

"अहो, आमची कानांची फाइल घेतलीत ना?"

"कुठली, मॅडम? यादीत तर नाही."

"मग यादीत घाला. प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्र्यावर घण पडतात, तिथल्या प्रत्येक माणसाचे कान आम्ही दरवर्षी तपासतो. कागद जागा अडवतात म्हणून तुमच्याच लोकांनी ते रद्दीत घातले. आता जे आहे ते तुमच्या त्या कपाटात आहे."

मी फाइल शोधली आणि पाठवायला बसले. मेनफ्रेमची लिपी वेगळी, पीसीची वेगळी. नावं, पत्ते पाठवताना अक्षरं एका लिपीतून दुसरीत बदलून घ्यावी लागतात. त्याला टेक्स्ट म्हणतात. पण जुन्या लोकांनी जागा वाचवायला आकडे अक्षरांसारखे लिहिलेच नव्हते, एकेका घरात दोन-दोन अंक दाटून बसवले होते. अशी फाइल न बदलता जशीच्या तशी उचलायची, पीसीवर गेल्यावर उलगडायची, ते बायनरी. हे मी नव्या पोरांना पाचपन्नास वेळा शिकवलं होतं. त्या दिवशी आधीची फाइल नावांची होती, आणि पाठवायच्या प्रोग्राममधली खूण टेक्स्टवरच राहिली.

रमजान चालू होता, रोजा होता. पण रोज्यावर मी हे ढकलणार नाही. लहानपणापासून रोजे ठेवतेय आणि रोज्यांत कामही करतेय. मी घाई केली, एवढंच. पीसीवर फाइल उघडली, वरच्या पानावर कामगारांची नावं आणि टोकन नंबर ठीक दिसले, ओळींची संख्या जुळली. "तपासले" असं लिहून मी सही केली. गुरुवारी डिस्क कोऱ्या करायचा हुकूम मीच दिला. बॅकअपच्या टेपची काडतुसं मीच मोजून तुकडे करायला पाठवली. शुक्रवारी ट्रक आला.

ईद होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"डेसिबलच्या जागी मला चांदण्या आणि प्रश्नचिन्हं दिसताहेत. कानाचे डॉक्टर आकाश बघत नाहीत. हे वाचायचं कसं, ते जरा सांगता का?"

काय झालंय ते पहिल्या ओळीतच कळलं होतं, तरी मी उगाच फाइल वरखाली करत राहिले.

"प्रेस शॉपचे एकवीस जण भरपाईसाठी वैद्यकीय मंडळापुढे जाणार आहेत," त्या म्हणाल्या. "कान मशिनीवर गेले की म्हातारपणानं, हे ठरायचंय. पुरावा म्हणजे हे आकडे."

"मूळ फाइल पुसली गेलीय, मॅडम."

"कुणी पुसली?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्याच दिवशी मी स्कूटर काढून भोसरीला गेले, काडतुसं जिथे दिली होती तिथे. तिथल्या माणसानं एक गोणी उघडून दाखवली. आत नखाएवढे काळे तुकडे. "तुमचीच असतील असं नाही, सगळ्यांची एकत्र असतात," तो म्हणाला. यंत्र भाड्यानं देणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, डिस्क कोऱ्या असल्याचं तुमचंच पत्र आमच्याकडे आहे.

मग एकच वाट राहिली. लिपी जशी बदलली गेली तशीच उलटी बदलायची. ज्या अंकाची जी खूण झाली असेल, तिच्यावरून तो अंक परत आणायचा. मी तसा प्रोग्राम लिहायला घेतला. चार दिवस दुसरं काही केलं नाही. अम्मी ताट वाढून हाक मारायची आणि परत झाकून ठेवायची. चौथ्या दिवशी पहिला आकडा परत आला. चांदणी म्हणजे पाच. एका खुणेचे तीस, एकीचे पन्नास, एकीचे सत्तर. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. वाटलं, वाचले.

पण प्रश्नचिन्हं हलेनात. मी दोन्ही लिपींचं जुनं कोष्टक काढून बसले आणि मग समजलं. अंक बसवलेल्या त्या घरांपैकी चार घरांना पीसीच्या लिपीत जोडीदारच नव्हता. त्या चौघांच्या जागी यंत्रानं एकच प्रश्नचिन्ह टाकलं होतं. ती घरं होती चाळिशीची, साठीची, ऐंशीची आणि नव्वदीची. आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. चाळीसला माणसाला कुजबुज ऐकू येत नाही. नव्वदला दारात ट्रकचा हॉर्न वाजला तर कदाचित मान वळवतो. या दोघांच्या जागी माझ्या फाइलीत एकच खूण होती, आणि तिच्यातून मागे जायला रस्ता नव्हता.

तरी मी मांडून बघितलं. गेलेला कान परत येत नाही. एखाद्याचा एका वर्षी पस्तीस आणि दोन वर्षांनी पन्नास असेल, तर मधला आकडा चाळिशीतलाच असणार. असं करत बहुतेकांची प्रश्नचिन्हं मी भरली. ज्यांची शेवटची वर्षं सगळी प्रश्नचिन्हंच होती, तिथेही भरली. साठ, साठ, ऐंशी, मनाला वाटलं तसं. कुणाला कळलं नसतं. तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्या समोर बसल्यावर मला तो त्यांच्या हातात देता येईना. कुठले आकडे निघालेत, कुठले मी भरलेत, सगळं सांगितलं.

त्यांनी लाल पेन घेतलं. जिथे दोन्ही बाजूंना आकडा होता तिथे "अंदाज" लिहिलं. शेवटच्या वर्षांवर सरळ काट मारली. "हे तुम्ही रचलंत," त्या म्हणाल्या. "मला रचता येत नाही म्हणून मी डॉक्टर झाले."

आमच्या मॅनेजरचं म्हणणं होतं की "तांत्रिक कारणामुळे नोंद उपलब्ध नाही" एवढं लिहून द्यावं. "तुमचं नाव कशाला? कारण तांत्रिकच आहे ना?" ते म्हणाले. ते वाईट नव्हते. माझी नोकरी तेव्हा वर्षावर्षाच्या करारावर होती, ते त्यांना ठाऊक होतं.

तपासणी झाली की डॉक्टर दरवर्षी प्रत्येकाच्या हातात आकड्याची एक चिठ्ठी देत असत. मला ते त्यांच्याकडूनच कळलं. मग मी एकेकाच्या घरी जायला लागले. कुणी दारातूनच वाटेला लावलं, कुणी रेशनकार्डाच्या पिशवीतून सगळ्या चिठ्ठ्या काढून दिल्या. प्रत्येक चिठ्ठी हातात आली की मी तिथेच उभी राहून फोटो काढायची, वाटेत हरवेल या भीतीनं. शेवटी तीनच माणसं उरली, त्यांतला एक मांजरी गावचा.

नव्या इमारतींच्या मागे, उसाच्या कडेला घर होतं. बायकोनं दार उघडलं.

"त्यांच्याशी बोलून उपेग न्हाई, बाई. मला सांगा, मी त्यांना सांगते."

मी चिठ्ठ्यांबद्दल विचारलं. तिनं पत्र्याची पेटी उघडली. चिठ्ठ्या निघाल्या, नीट घडी घातलेल्या. तीस, पस्तीस, पन्नास, पंचावन्न. सगळ्या जुन्या, माझ्याकडे असलेल्याच वर्षांच्या.

"पुढच्या?"

"पुढच्या त्यांनी घरी आणल्याच न्हाईत. गेटवरच फाडायचे म्हणं. आकडा वाढला तर प्रेसवरनं काढतील, हेल्पर करतील, म्हणून. मला तरी कुठं म्हाईत? मी म्हनायची, माणूस मुद्दाम ऐकत न्हाई. किती भांडले मी."

तो बाजेवर बसून आमच्या तोंडांकडे बघत होता. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: शेवटच्या वर्षांचा आकडा आठवतो का? साठ की ऐंशी?

त्यानं वाचलं आणि घरभर घुमेल अशा आवाजात म्हणाला, "डाक्टरीणबाई सांगायच्या, मी मान हलवायचो. ऐकू कुठं येत हुतं?"

"आणि चिठ्ठी?" मी लिहिलं.

"बघितलीच न्हाई. बघून काय करायचं हुतं?"

बायकोनं चहा ठेवला होता. मी तो कसा प्याले, आठवत नाही.

मंडळासाठी मी दोन पानं लिहून दिली. फाइल कुणी पाठवली, कुठली खूण चुकली, मूळ प्रत कुणी पुसली, सगळं, आणि खाली माझं पूर्ण नाव. मॅनेजरांनी ती वाचून परत माझ्या हातात दिली. मी ती स्वतः मंडळाला नेऊन दिली. पुढच्या वर्षीचा करार झाला नाही. तो तसाही झाला असता की नाही, कोण जाणे.

अठरा जणांचं चिठ्ठ्यांवर आणि डॉक्टरांच्या "अंदाज" लिहिलेल्या आकड्यांवर मार्गी लागलं. उरलेल्या तिघांच्या शेवटच्या वर्षांच्या चिठ्ठ्या निघाल्याच नाहीत, त्या वर्षांपुढे "नोंद नाही" असं लिहिलं गेलं. मांजरीच्या माणसाची नव्यानं तपासणी झाली, नव्वद आले. पण नव्वद कधी झाले, कंपनीत की निवृत्तीनंतर घरी बसून, हे सांगायला कागद नव्हता. मंडळानं त्याचं प्रकरण बाजूला ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता बोलेल ते बोलेल.

"बाई, त्या यंत्रात खरं लिवलेलं हुतं ना?"

"होतं. सगळं होतं. माझ्या हातून गेलं."

तिनं मान डोलावली. तेवढ्यात तो तिच्या दंडाला धरून मोठ्यानं विचारायला लागला, "काय म्हनत्यात? काय म्हनत्यात त्या?" व्हरांड्यातले सगळे वळून बघायला लागले. तिनं ओठांवर बोट ठेवलं, त्याचा हात घट्ट धरला आणि दोघं जिना उतरून गेली.