खैरुनबीची साक्ष

वरवट बकालात मुसलमानांच्या घरात बाईमाणूस गेलं, की पहिला निरोप सोयऱ्याधायऱ्यांना जात नाही, खैरुनबीला जातो. मयताला शेवटची आंघोळ घालायची, तिला गुस्ल म्हणतात, आणि बाईला ती बाईनंच घालायची असते. काम पुण्याचं. पण पुण्यासाठी पुढं येणारे हात नेहमीच कमी. लग्नात वाढायला पन्नास जणी ओढणी खोचून उभ्या राहतात. मयताचं पाणी तापलं, की प्रत्येकीचं लेकरू नेमकं तेव्हाच रडायला लागतं. खैरुनबीचं लेकरू म्हणजे सुरतेला गिरणीत असलेला बाप्या मुलगा, तेव्हा तिला ती सबब नव्हती. हंगामात कापूस वेचायचा, एरवी गोधड्या शिवायच्या आणि बोलावणं आलं की उठायचं, असं तिचं चाललेलं. या कामाचा पैसा तिनं कधी घेतला नाही.

तशी बाई तोंडाची भारी फटकळ. कुणाच्या जावयाचे पाय कुठं वळतात इथपासून साखरेच्या भावापर्यंत सगळ्यावर तिचं मत तयार. पण चादरीच्या आडोशातून मयताची आंघोळ आटोपून बाहेर आली, की मुकी. जिवंतपणी माणूस कपड्याआड काय काय झाकतं ते मरणानंतर आंघोळ घालणारीला दिसतंच. भाजल्याचे डाग दिसतात, टाके दिसतात, आणि कधी पट्ट्याचे वळही दिसतात. मयताचं जे दिसेल ते बाहेर काढायचं नाही, असा दंडकच आहे. पुष्कळ जणी तो दोन दिवस पाळतात आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीला "कोणाले सांगू नको" म्हणून सांगतात. खैरुनबीनं मात्र जन्मभर पाळला. म्हणून गावातल्या बायांनी जिवंतपणीच तिला सांगून ठेवलेलं, आमच्या वेळी तुम्हीच या. ती म्हणायची, "आधी तू मराचं तं ठरव, मंग पाहू."

या गावात तिची जी काही इज्जत होती ती एवढीच. घर पत्र्याचं, शेत नाही. आणि जहांआराच्या पायी नेमकी तीच पणाला लागली.

जहांआरा म्हणजे गाद्या भरणाऱ्या वहाबची बायको. घरी शिलाई मशीन होतं, गावातले निम्मे ब्लाउज तिच्या सुईखालून गेलेले. शिलाईतून पैसे वाचवून तिनं स्वतःच्या नावाचा विमा काढलेला, वारस म्हणून मुलीचं, अलीजाचं नाव घातलेलं. विमा काढून देणारा वैजनाथ जळगाव जामोदचा. चहाला नाही म्हणत नसे आणि पॉलिसीचा विषय सोडत नसे, असा एजंट. वहाबला हे पसंत नव्हतं. "मरनावर कोनी पैसे लावते का?" असं तो म्हणायचा. लॉकडाउनमध्ये शिलाई बसली, हप्ते थकले, पॉलिसी बंद पडली. पुढं अलीजा अकरावीला सायन्सला गेली तेव्हा जहांआरानं थकलेलं सगळं भरून ती पुन्हा सुरू करून घेतली. वैजनाथलाही बरं वाटलं. बंद पडलेली पॉलिसी उठवणारी गिऱ्हाइकं अशी कितीशी असतात?

त्याच वर्षी भादव्यात एका सकाळी जहांआरा भुईवरच्या अंथरुणातून उठली ती पोट धरून. उलट्या झाल्या, जीभ जड पडली, डोळ्यांच्या पापण्या वर उचलेनात, तोंडातून लाळ गळायला लागली. काय झालं ते कुणालाच कळेना. वहाबनं गाडी करून तिला शेगावच्या रस्त्याला लावलं. दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं आणि त्यानं तिथूनच गाडी माघारी फिरवली. दवाखान्यात नेलं की चिरफाड होते, ही धास्ती. शिवाय मातीला उशीर करायचा नसतो. दुपार कलायच्या आत जहांआरा कबरस्तानात होती. पोलीस नाही, पंचनामा नाही, पोस्टमॉर्टेम नाही. दुःखात बुडालेल्या माणसाला विम्याचे नियम कुठून आठवणार?

गुस्ल अर्थातच खैरुनबीनं दिला. कुशीवर वळवून पाठीवर पाणी घालताना डाव्या बरगडीच्या खाली तिला दोन बारीक टिपके दिसले. सुई टोचावी तसे, जवळजवळ, भोवतीची कातडी किंचित निळसर. तिचा हात थबकला. तिचा सख्खा भाऊ असाच जमिनीवर झोपलेला असताना मण्यारीनं गेला होता. मण्यार डसली तर झोपलेल्याला कळतही नाही. चादर धरून उभ्या असलेल्या शेजारणीनं विचारलं, "काय झालं खाला?"

"काई नाही. पानी टाक," ती म्हणाली, आणि कापूर, कफन करून बाहेर येऊन नेहमीसारखी गप्प बसली. गेलेलं माणूस कशानं गेलं हे सांगून ते परत थोडंच येणार होतं?

पण विमा कंपनीला तेच हवं होतं. वैजनाथनं अलीजाच्या नावानं दावा लावला आणि कंपनीचा चौकशी करणारा माणूस गावात आला. पॉलिसी बंद पडलेली, नुकतीच सुरू केलेली, आणि वर्षाच्या आत बाई गेली. त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं शेजारीपाजारी विचारलं. आदल्या संध्याकाळी नवराबायकोचं भांडण झालेलं, हे कळलं. उलट्या आणि लाळ कळली. कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचा डबा दिसला. या भागात तो कुणाच्या घरात नसतो ते सांगा. पण साहेबांनी दोन आणि दोन पाच केले. बाईनं औषध घेतलं, ही आत्महत्या, आणि पुन्हा सुरू केल्यापासून वर्षाच्या आत आत्महत्या झाली तर विमा मिळत नाही. दावा फेटाळला.

विमा गेला ते एक वेळ परवडलं असतं. पण कंपनीनं जे लिहिलं ते गावानं बोलायला घेतलं. जहर पिऊन मेली. हराम मौत मेली. जी बाई सगळ्यांच्या ईदचे कपडे शिवायची तिच्यासाठी दुवा मागताना बाया आता एकमेकींकडे बघू लागल्या. खैरुनबी हे ऐकत होती आणि आतून जळत होती, पण तोंड उघडत नव्हती.

एके दुपारी अलीजा तिच्या दारात आली. रडत नव्हती. बराच वेळ गोधडीचा टाका बघत बसली आणि मग म्हणाली, "खाला, अम्मीचं तोंड तुम्ही धुतलं. जहराचा वास येऊन राह्यला होता का?"

खैरुनबीनं सुई खाली ठेवली.

"ते भांडण माह्यापायी झालं होतं. मले अकोल्याले शिकाले जाचं होतं, अब्बा नाही म्हनत होते, अम्मी माह्या बाजूनं होती. म्हनून तं नाही ना तिनं..."

मोठमोठे दंडक पाळणारी माणसं अशा वेळी काय करतात मला माहीत नाही. खैरुनबीनं त्या पोरीला जवळ ओढलं आणि सांगून टाकलं. "नाही बेटा. साप होता. तिले तं मालूमबी नाही पडलं. तिचं ध्यान तुह्यातच होतं, ती तुले सोडून कुठं जाते?" तेव्हा कुठं अलीजा रडली, आणि तिच्याबरोबर खैरुनबीही.

वैजनाथला हे कळलं तसा तो धावत आला. "खाला, सर्पदंश म्हनजे अपघात. मूळ रक्कम तं भेटनच, वरून अपघाताचा लाभबी भेटन. पन तुम्हाले बुलढान्याले ग्राहक आयोगात येऊन सांगा लागन."

पोरीच्या कानात सांगणं वेगळं आणि भर कचेरीत सांगणं वेगळं. खैरुनबी पेशइमामांकडं गेली. ते म्हणाले, "मयताचा ऐब, म्हणजे व्यंग, झाकायचा असतो. जखम म्हणजे ऐब नव्हे. बेगुनाह बाईवरचा इल्जाम दूर करणं सवाबचं, पुण्याचं काम आहे."

"हे किताबातलं झालं," खैरुनबी म्हणाली. "गावच्या बायांचं काय?"

त्याचं उत्तर आलं ते शमशादबीकडून. सरकीच्या व्यापाऱ्याची बायको, गावातलं मोठं घर. आजवर खैरुनच्या पत्र्याच्या दारात तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. त्या दिवशी आली, बसली नाही. "आज जहांआराची पाठ सांगशीन. उद्या कोनाची सांगशीन? आम्ही तुह्या हातात काय भरोशावर यावं?" एवढं बोलून ती निघून गेली. तिच्या स्वतःच्या पाठीवर काय होतं ते तिचं तिला ठाऊक. पण अशी भीती माणसाला उगाच वाटत नाही.

खैरुनबी त्या रात्री जेवली नाही, आणि तारखेच्या दिवशी वैजनाथबरोबर एसटीत बसली.

आयोगात एरवी काम कागदावरच चालतं, पण कंपनीच्या वकिलानं हट्टानं तिची उलटतपासणी मागून घेतलेली. वकील तरुण, आवाज गोड. "आधी पोटदुखी होती, आता साप निघाला. इतके महिने हा साप कुठं होता, आजी?"

"माह्या मनात होता."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मयताच्या अंगावर जे दिसते ते सांगत नसतात साहेब. तिची इज्जत राहाले पाह्यजे म्हनून."

"मग आज का सांगताय?"

"तवा गप्प राह्यली तं तिची इज्जत राह्यली. आता गप्प राह्यली तं जाऊन राह्यली."

वकिलानं बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं. "बरं. त्या दोन टिपक्यांशिवाय अंगावर आणखी काय होतं? मारहाणीच्या खुणा? काही जुने वळ?"

समोर वहाब बसलेला, त्याच्या शेजारी अलीजा. दोघंही तिच्याकडं बघत होते.

"बोला आजी. खरं सांगायची शपथ घेतलीय तुम्ही."

"जे तिच्या मौतीचं होतं ते सांगितलं. जे तिच्या जिंदगीचं होतं ते तिचं. ते तुमच्या कोर्टालेबी भेटनार नाही."

वकिलानं हात पसरले. साक्षीदार हवं तेवढंच सांगते आणि बाकीचं दडवते, हिच्यावर विश्वास ठेवायचा कसा, असं तो बराच वेळ बोलला. अध्यक्षांनी खैरुनबीकडं निरखून पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. बाहेर आल्यावर वैजनाथ कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "खाला, बाकीचंबी सांगून टाकाचं होतं ना. काऊन अडल्या तुम्ही? केस हातची गेली."

"गेली तं जाऊ दे," ती म्हणाली. पण परतीच्या एसटीत तिचा चेहरा उतरलेला होता.

केस गेली नाही. आयोगानं म्हटलं, आत्महत्या झाली हे कंपनीनं सिद्ध करायला हवं होतं, आणि नुसत्या भांडणानं व डब्यानं ती सिद्ध होत नाही. उलट या बाईची साक्ष स्वाभाविक आहे. मूळ विमा आणि अपघाताचा लाभ, दोन्ही अलीजाला मिळाले. ती अकोल्याला शिकायला गेली. वहाब एकदा नवी गादी भरून घेऊन आला आणि खैरुनबीच्या बाजेवर टाकून गेला.

गावानं जहांआरासाठी पुन्हा दुवा मागायला सुरुवात केली. पण खैरुनबीला बोलावणं थांबलं. पुढं एक म्हातारी गेली तेव्हा तिच्या घरच्यांनी गुस्ल द्यायला जळगाव जामोदहून बाई आणली. निरोप येईल म्हणून खैरुनबी हातपाय धुऊन, डोक्यावर ओढणी घेऊन दारात बसून राहिली होती. तिच्या दारावरूनच जनाजा गेला. नंतर आणखी एक मयत झालं, तिथंही तिला कुणी विचारलं नाही. जन्मभर तिनं एवढंच तर कमावलं होतं, आणि तेही असं डोळ्यांदेखत जावं याचं तिला फार लागलं. सुरतेहून मुलाचा फोन आला की ती म्हणायची, बरं आहे सगळं. गोधडीत सुई खुपसायची आणि तशीच बसून राहायची.

मग शमशादबी आजारी पडली आणि महिनाभरात गेली. खैरुनबीनं ऐकलं आणि काम पुढं ओढलं. त्या घरून बोलावणं यायचा प्रश्नच नव्हता. पण शमशादबीचा मुलगा सकलैन स्वतः दारात येऊन उभा राहिला.

"खाला, चला. अम्मी सांगून गेली, खैरुनबीशिवाय दुसरीचा हात लागला नाही पाह्यजे."

"माह्यासंगं तं ती बोलतबी नव्हती."

"मीबी तेच म्हनलं. तं म्हने, वकिलानं एवढं घेरलं तरी जहांआराची बाकीची गोष्ट तिनं नाही सांगितली. तीच पाह्यजे मले."

खैरुनबीनं डोळे पुसले आणि त्याच्या मागून चालायला लागली.

शमशादबीच्या वाड्यात चादरी बांधलेल्या होत्या. खैरुनबीनं पाणी घातलं, कुशीवर वळवलं, पाठ धुतली. हलक्या हातानं, नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन धुतली. कफन झालं तशी ती बाहेर आली. सकलैन आडोशालाच उभा होता. इकडंतिकडं बघून त्यानं हळूच विचारलं, "खाला, अब्बा कधीमधी... अम्मीच्या अंगावर काई होतं का?"

खैरुनबीनं त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला.

"चेहऱ्यावर नूर होता बेटा तुह्या अम्मीच्या," ती म्हणाली. "जा, खांदा दे."