सुनेत्रामावशींचं तोरण

सुनेत्रामावशींचं निम्मं आयुष्य ठाण्याला चौथ्या मजल्यावर गेलं. तिथे हक्काची माती म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधली तुळशीची कुंडी. अजितकाकांना ॲडलेडला नोकरी लागली आणि त्यांनी तिथल्याच सॅलिसबरी भागात जुनं घर घेतलं. मागे भलंमोठं बॅकयार्ड होतं. मावशींनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की इथलं काही उपटायचं नाही. काका गवतसुद्धा मावशी दुकानात गेल्या की कापायचे.

तेव्हा मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत आपली मुलं लोंढ्याने येत होती आणि खोल्या मिळत नव्हत्या. यतिन आणि मी मावशींच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. खिडकीतून तीन तांबड्या कोंबड्या दिसायच्या, आणि त्यांच्या खुराड्यावर झुकलेलं एक झाड. उन्हाळा सरला की त्याची पानं कुंकवासारखी लाल व्हायची. कोंबड्या रात्री खुराड्यात न जाता त्याच्याच फांद्यांवर बसायच्या. त्यातली ठमी मावशींची लाडकी. तिला उचलून घेतल्याशिवाय त्यांचा चहा होत नसे.

इथे गुढीपाडवा येतो पानगळीच्या दिवसांत. आंब्याची पानं कुठून आणायची? मावशींनी त्या झाडाकडे बघितलं, यतिनला शिडीवर चढवलं आणि दोघांनी दुपारभर बसून झेंडूबरोबर लाल पानं ओवली. तोरण इतकं देखणं झालं की मराठी मंडळातले लोक त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून गेले.

दोन दिवसांनी यतिन आरशासमोरून हललाच नाही. त्याचा एक डोळा मिटला होता आणि कान पुरीसारखा टम्म फुगला होता. तो एका हॉटेलच्या किचनमध्ये शिफ्ट करायचा. तिथल्या शेफने त्याला दारातूनच घरी पाठवलं. मावशींनी आधी त्याच्या डिओडरंटला दोष दिला, मग त्याच्या आंघोळ न करण्याला. संध्याकाळी त्यांचे स्वतःचे हात कोपरापर्यंत लालबुंद झाले, तेव्हा मात्र डिओडरंटचा विषय बंद झाला.

युनिच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, कुठल्या झाडाला हात लावलात का? यतिनने मोबाइलमधला तोरणाचा फोटो दाखवला. बाईंनी खुर्ची थोडी मागे घेतली. झाडाचं नाव ऱ्हस. अमेरिकेत जिला पॉयझन आयव्ही म्हणतात, त्या अंग सुजवणाऱ्या वेलीचा हा भाऊ. आंबा, काजू, बिब्बा, सगळे याच कुळातले.

घरी येऊन यतिनने हे सांगितलं. मावशींना बाकी काही नाही, बिब्बा तेवढा कळला. त्यांच्या आईला एकदा बिब्बा उतला होता, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्या झाड तोडायला तयार होईनात.

"कोंबड्या रात्रंदिवस त्याच्यावर बसतात. त्यांना कुठे काय झालंय? विषारी असतं तर त्या आधी गेल्या असत्या."

काका शांतपणे म्हणाले, "कोंबडीच्या अंगावर पिसं आहेत, सुनेत्रा. यतिनच्या नाहीत."

शेवटी मावशी कबूल झाल्या, पण तोडून तिथेच पेटवू म्हणाल्या. काकांनी काउन्सिलला फोन लावला. पलीकडची बाई जाळण्याचं नाव काढताच घाबरली. त्याचा धूर छातीत गेला तर सगळे हॉस्पिटलात जातील. हातमोजे घाला, अंग पूर्ण झाका, लहान फांद्या पिशव्यांत बांधा. उरलेल्या बुंध्याला झाड मारायचं औषध लावा आणि ते वाळेपर्यंत जनावरं तिकडे सोडू नका.

शनिवारी दुपारी, म्हणजे इथल्या भाषेत आर्वोला, कोंबड्या कपडे धुण्याच्या खोलीत, लॉन्ड्रीत कोंडल्या. काकांनी रेनकोट घातला, त्यावर पोहण्याचा गॉगल, आणि मनगटांना चिकटपट्टी गुंडाळली. शेजारचा बॅरी कुंपणावरून बराच वेळ बघत राहिला आणि कोणाचा खून वगैरे झालाय का, असं त्याने विचारलं. मी "नो वरीज, मेट" म्हणालो. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. खुर्ची आणून तो तिथेच बसला.

झाड आडवं झालं तेव्हा मावशी आत निघून गेल्या. मोरीत नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि त्यांनी कोणालाच काही विचारू दिलं नाही. लॉन्ड्रीचं दार उघडून त्यांनी ठमीला उचललं आणि तिच्या मानेवर गाल टेकवला.

मंगळवारी तो गाल सुजला.

पानं खुडलेल्या फांद्यांवर बसल्याने झाडाचा चीक कोंबड्यांच्या पिसांना चिकटून राहिला होता. कोंबडीला काही नाही, पण तिला जो जवळ घेईल त्याला प्रसाद. आता कोंबड्यांना आंघोळ घालण्यावाचून उपाय नव्हता. यतिनने आणि मी लांब हातमोजे घालून टबात कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेतला. पहिल्या दोघी निमूट बसल्या. ठमी मात्र साबणासकट निसटली, फेसाचं शेपूट नाचवत बॅकयार्डभर पळाली आणि थेट कुंपणावरून, आजही खुर्ची टाकून बघणाऱ्या बॅरीच्या मांडीवर जाऊन बसली. त्यालाही मग घरात जाऊन साबणाने अंग धुवावं लागलं. वाळवायला मावशींनी हेअर ड्रायर आणला. गाल सुजलेला असल्यामुळे त्यांना हसता येत नव्हतं, तरी त्या हसत होत्या.

बातमी मंडळभर पसरली. त्यानंतर ट्रान्सफर होऊन आलेलं प्रत्येक मराठी कुटुंब आपल्या अंगणातलं अनोळखी पान खुडून मावशींकडे यायचं. हे ते आहे का, म्हणून हातावर ठेवून दाखवायचं. मावशी जाळीचं दार आतून धरून ठेवायच्या आणि पाहुण्यांना आधी हात धुवायला बागेतल्या नळावर पाठवायच्या. चहा त्यानंतर.