गाडीतली अव्वाची जागा

धम्मानंदअण्णांची गाडी उणकलच्या आमच्या गल्लीत आली ती टेम्पोला दोरखंडानं बांधून. पुढे टेम्पो, मागे पांढुरकी अँबॅसिडर, आणि तिच्यात स्टिअरिंग धरून बसलेले अण्णा. इंजिन बंद, तरी चेहरा असा की गाडी तेच चालवताहेत. चारी दारांना गंज, पुढची सीट मोडलेली, मागच्या सीटचा काथ्या उंदरांनी बाहेर काढलेला.

"वहिनी, कशी आहे?" त्यांनी खालूनच विचारलं.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काय सांगणार? म्हटलं, "चाकं छान आहेत."

त्यातली दोन चाकं टेम्पोवाल्याची होती आणि संध्याकाळी तो ती काढून घेऊन गेला, हे नंतर कळलं.

अण्णा आमच्या समोरच्या घरात राहतात. बस डेपोत फिटर. तीस वर्षं लोकांच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, स्वतःकडे मात्र एक जुनी स्कूटर. बायको साधना प्राथमिक शाळेत शिकवते, मुलगा सिद्धांत बेंगळुरूला इंजिनिअरिंगला. पगार तिकडे जातो. गाडीच्या वाट्याला फक्त ओव्हरटाइम, तोही दिवाळीची खरेदी उरकल्यावर. त्यामुळे गाडी अशी जमली की एका महिन्यात कार्बोरेटर, दोन महिन्यांनी एक दार, मग तीन महिने काहीच नाही. गदग रोडच्या भंगारवाल्यांकडे अण्णा रविवारी जायचे आणि एखादा पान्ह्याएवढा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे, आपण दुर्गदबैलच्या बाजारातून पेढे आणावेत तसे.

"हिचं सगळं होईपर्यंत पेट्रोल मिळायचं बंद होईल," असं आमचे हे म्हणायचे.

अण्णा हसायचे. "बंद व्हायच्या आधी आमच्या अव्वाला बसवतो की साहेब. तेवढंच तर आहे."

तेवढंच होतं. अण्णांचे वडील, भरमाअप्पा, धारवाडला माळमड्डीत एका वकिलांच्या अँबॅसिडरवर ड्रायव्हर होते. वकिलांच्या आवारात मागच्या बाजूला एक खोली, तिथेच अण्णांचं लहानपण गेलं. सकाळी सहाला अप्पा गाडी धुवायचे, मागच्या सीटवर इस्त्रीचे पांढरे टॉवेल अंथरायचे. सात वर्षांचे असताना अण्णा एकदा गुपचूप त्या टॉवेलवर जाऊन बसले. अप्पांनी कान धरून बाहेर काढलं. मारलं नाही. सीटवरची घडी पुन्हा सारखी केली आणि म्हणाले, "ही जागा धन्याची."

हे मला अण्णांनी सांगितलं तेव्हा ते दाराच्या पत्र्यावर पॉलिश पेपर घासत होते. घासता घासता सांगितलं आणि घासतच राहिले. पण त्यानंतर मला ती गाडी भंगार वाटली नाही.

अप्पा गेले त्याला वीस वर्षं झाली. आई दुर्गव्वा, म्हणजेच अव्वा, ऐंशीच्या पुढच्या, आणि त्यांना काचबिंदू. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलेलं, समोर नळीतून पाहावं तेवढंच उरलेलं. तेही जाणार, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून घाई. अव्वानं मागच्या सीटवर, पांढऱ्या टॉवेलवर बसायचं, आणि डोळे आहेत तोवर धारवाडचा रस्ता त्या खिडकीतून बघायचा.

मागची सीट मी शिवली. साधनानंच विचारलं, "अक्का, तुमच्या मशीनवर रेक्झिन चालेल का हो? सीटवाला फार सांगतोय." माझ्या मशीननं तोवर परकर आणि उशांचे अभ्रे एवढंच पाहिलेलं. जाड सुई आणली. तीन मोडल्या. तपकिरी रेक्झिन दुर्गदबैलातून, फोम कुणाच्या तरी जुन्या सोफ्यातला. कडेच्या गोटाचा दोरा सरळ बसेना तेव्हा मी दोनदा उसवला. अण्णा रोज ड्यूटीवरून आले की दारात उभे राहून बघायचे. माप घेताना मी विचारलं होतं, "पुढचंही शिवून टाकू का?" तेव्हा ते म्हणाले, "पुढं माझ्यापुरती सीट बसवलीय व्हॅनची. शेजारी कोण बसणार आहे? ते राहू दे. मागचं झोकात होऊ दे."

मलाही ते पटलं होतं. त्यात आम्हा दोघांचंही चुकलं.

आरटीओत गाडी दुसऱ्या खेपेला पास झाली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे खाली उतरलो. डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो, मागे कडक इस्त्रीचे पांढरे टॉवेल. मी सवयीनं चाकांखाली ठेवायला चार लिंबं घेऊन गेले. साधना हसली. "अक्का, त्यांचं सरबत करू या."

दुर्गव्वा नवी इरकल नेसून आल्या. अण्णांनी मागचं दार उघडून धरलं, अगदी वाकून, अप्पा वकिलांसाठी धरत असतील तसं. अव्वांनी हातानं गाडी चाचपली, मागच्या दाराजवळून पुढे गेल्या आणि पुढचं दार उघडलं.

"मी म्होरं बसणार."

"अव्वा, पुढं सीटच नाही."

"मग बसीव."

"अगं, ही जागा तुझ्यासाठी केलीय. दोन वर्षं राबलोय. ऐटीत बस की धनिणीसारखी!"

"मला काय करायचंय धनीण होऊन? ह्या वयात?"

आमचे हे खुदकन हसले. मी डोळे वटारले.

अण्णांचा आवाज चढला. "आयुष्यभर अप्पानं दुसऱ्यांना मागं बसवलं. तुला एकदा तरी बसवायचं होतं, एवढंच माझं म्हणणं."

"बसलीया मी मागं," दुर्गव्वा म्हणाल्या.

अण्णांनी धरलेलं दार सोडून दिलं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"तू पोटात हुतास. कळा सुरू झाल्या दुपारच्या. वकीलसाहेब भला माणूस, म्हणाला, भरमा, गाडी घे. मला मागं निजवलं, त्या टावेलावर. दवाखान्यापोत्तर मी हाका मारत्येय, आणि मला दिसतंय काय? तुझ्या बाची मान. कॉलर आणि मान. एकदा वळला न्हाई."

"गाडी चालवत होता गं तो."

"व्हय की. मी कुठं वाईट म्हणत्येय? गाडी परक्याची, बायको आपली, दोन्ही नीट न्यायचं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आख्खं धारवाड म्हणायचं, भरमा गाडीवर बसला की राजावाणी दिसतो. भाजीवाल्यांनी बघितला, कोर्टातल्या लोकांनी बघितला. मी कवा बघितला? माझ्या म्होरं आला तो बादली घेऊन, चाकं धुताना. गाडी चालवताना त्याचं तोंड कसं व्हायचं, मला ठावं न्हाई." मग त्या अण्णांकडे पूर्ण वळल्या. कडेनं दिसत नाही, म्हणून त्यांना असं अख्खं वळावं लागतं. "तुझं तोंड त्याच्यावाणी हाय. डोळं हायत तवर बघू दे की रं."

त्या दिवशी गाडी निघाली नाही. साधनानं लिंबांचं सरबत केलं आणि आम्ही ते उभ्या गाडीभोवती प्यायलो. अण्णांनी इस्त्रीचे टॉवेल घड्या करून आत नेले. मला वाटलं, आता हे महिनाभर गाडीला हात लावणार नाहीत.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ते गदग रोडला गेले. सीट मिळेना. एक मिळाली ती रुंद, एकीला पाठच नव्हती. इकडे अव्वा चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवू लागल्या, ठेवला की खाली. पहिला फुटला तेव्हा साधनानं तुकडे उचलले. तिसरा फुटला तेव्हा तिनं स्टीलचा पेला काढला. अकराव्या दिवशी अण्णा स्कूटरच्या मागे एक सीट बांधून घेऊन आले. तपकिरी रेक्झिन अर्ध्यालाच पुरलं. उरलेल्याला मी आमच्या दिवाणाचं हिरवं कव्हर कापलं. गोट वाकडा आला. या वेळी उसवायला वेळ नव्हता.

निघालो तेव्हा दुर्गव्वा पुढे, हिरव्या-तपकिरी सीटवर, खिडकीकडे पाठ करून अण्णांकडे वळून बसलेल्या. पट्टा लावताना अण्णा म्हणाले, "अव्वा, सरळ बस की, रस्ता बघ."

"तू बघ रस्ता."

मागे पांढऱ्या टॉवेलांवर साधना आणि मी. उणकलचा तलाव गेला, नवनगर गेलं. माळमड्डीत अण्णांनी वेग कमी केला. वकिलांच्या बंगल्याच्या जागी आता चार मजली अपार्टमेंट आहे. "अव्वा, आपली खोली होती ती जागा आली बघ. डाव्या हाताला."

अव्वांनी बघितलं नाही. जेवढं दिसत होतं तेवढं त्यांनी दुसरीकडे खर्ची घातलं होतं.

स्टिअरिंगजवळचा गिअर अण्णांनी खाली ओढला. थोडा अडला, मग पडला.

"गिअर टाकताना हा गालात जीभ घालतोय," दुर्गव्वांनी आम्हाला सांगितलं. मग बऱ्याच वेळानं, कुणालाच न विचारल्यासारखं, "त्यो पण घालत असंल का?"

अण्णा वळले नाहीत. मला मागून त्यांची कॉलर आणि मान तेवढी दिसत होती.