कुणाचंच नसलेलं दार

आमच्या गावचं लूथरन देऊळ, म्हणजे चर्च, लाकडी होतं. दगडांच्या मुलखात लाकडाचं देऊळ बांधायचं खूळ थंड देशातून आलेल्या एका गोऱ्या पाळकाचं. तेव्हा प्रत्येक घरानं एकेक फळी ठोकली, आणि ज्यानं ठोकली त्याची ती फळी, असा कायदा झाला. बायबलात तो कुठं नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

पुढे राहुरीच्या बाजूचं आमचं गाव धरणात जायचं ठरलं. देऊळ सुटं केलं. जो तो आपापली फळी बैलगाडीत घालून वरच्या माळावर गेला. तिथं देऊळ उभं राहिल्यावर कळलं, दार मागेच राहिलंय. ते गोऱ्या पाळकानं स्वतः दिलेलं, म्हणजे कुणाच्याच वाट्याचं नाही. आता जो आणील त्याचं ते होणार! म्हणून कुणी कुणाला आणू देईना. त्यात बहात्तरचा दुष्काळ, धरणाचं पाणीही गावापर्यंत पोचेना. ओसाड गावठाणात चौकटीसकट दार एकटंच उभं.

अशात माझ्या ताईचं लग्न ठरलं. नव्या देवळाला दाराच्या जागी गोणपाट. ताई अडून बसली, "बाबांना त्याच दारातनं न्हेलं. मी बी त्याच दारातनं आत जानार, न्हाईतर लगीन न्हाई."

बाबांची कबर खालीच, दारापासून हाकेच्या अंतरावर. आई रडून बेजार. मला धास्ती वेगळीच, नवऱ्याकडची मंडळी नगरची, शहाणी. लग्न मोडून परत जायची.

शेवटी वऱ्हाड खाली उतरलं. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसतं दार. नवऱ्याचा मामा उन्हाला कावून चौकटीला वळसा घालू लागला, तशी आमची म्हातारी माणसं खवळली.

"ओ पाव्हणं, भित्तीतनं कुटं चाल्ला? दारातनं या!"

मामा निमूट फिरला आणि चपला काढून दारातून आला. उशिरा आलेल्यांना आताच्या पाळकसाहेबांनी मागच्या भिंतीशी बसायला सांगितलं. ते बसलेही.

ताई उंबऱ्यावर थांबली, मग आत आली. मला हसू आवरेना आणि रडूही.

लग्न लागलं. सगळे दारातूनच बाहेर पडले. पाळकसाहेबांनी सवयीनं बाहेरून कडी घातली. ताई नवऱ्याचा हात सोडून मागे गेली आणि तिनं कडी काढली.

"बाबा हितंच ऱ्हायलेत," ती म्हणाली. "त्यांना येऊ-जाऊ द्या की."

त्या मामानंच एक दगड शोधून आणला आणि दार उघडं राहील असा टेकवला.