तिसरं बटण

माझे सासरे, मामाजी, मेलेल्या माणसांना कोट घालीत. महाल भागातल्या आमच्या लहानशा स्टुडिओत लग्नाचं काम थोडं आणि हेच जास्त. घरातलं माणूस गेलं की लोकांच्या ध्यानात येई, त्याचा एकट्याचा फोटोच नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येत आणि मागच्या ओळीतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवत. मामाजी तेवढाच चेहरा मोठा करून छापत. शेजारच्याचा खांदा, कुणाचा फेटा, सगळं ब्रशने झाकायचं आणि खाली कोट काढायचा. जन्मभर बंडीत राहिलेल्या माणसालाही कोटच. "जितेपणी नाही भेटला," ते म्हणत, "आता तरी घालू दे त्याले."

त्यांची नजर अधू झाली तेव्हा ब्रश माझ्या हातात आला. मी चौथीपर्यंत शिकलेली, परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मागच्या खोलीत खाली मान घालून बसायचं, हे मला बरं होतं. मामाजी हातभर दूर बसून शिकवीत. "कॉलर आधी नाही वं, आधी खांदा. खांदाच नसला तर कॉलर कशावर ठेवशील, हवेवर?"

त्यांचा एक नेम होता. कोटाला चार काजं काढायची, पण तिसरं बटण लावायचं नाही. फोटोमागे मारलेला स्टुडिओचा शिक्का फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली जातो. पुढे नाव लिहिलं तर फ्रेमवाला कापून टाकतो. कोट मात्र कोणी कापत नाही. "ते नसलेलं बटण म्हणजे आपली सही," असं ते म्हणत. कोणत्याही गावी कोणाकडे गेले की आधी भिंतीकडे बघत, आणि रिकामं काज दिसलं की मग निवांत पाणी मागत.

एकदा रामटेककडे एका जुन्या गिऱ्हाइकाच्या धाकट्या मुलाकडे ते गेले. त्याच्या वडिलांचा फोटो आम्ही थोरल्या भावासाठी केला होता, एकच. इथेही भिंतीवर तोच. मामाजींनी फ्रेम उतरवून उलटी केली. मागे आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या नव्या स्टुडिओचा शिक्का.

"तुमचाच तर फोटो आहे, मामा," मुलगा म्हणाला. "दादाकडचा नेला अन् त्याच्यावरून काढून आणला. काहून, काही चुकलं काय?"

"नाही गा," मामाजी म्हणाले. घरी आल्यावर मला म्हणाले, "बापाच्या फोटोखाली उभं राहून पोराशी काय भांडू?"

पुढे असे फोटो जागोजाग दिसू लागले. आमच्याकडे चार प्रती म्हणजे चार वेळा कोट. माझी मान धरून यायची. त्या स्टुडिओत आमचाच कोट कॅमेऱ्याच्या एका खटक्यात निघे. लोक तिकडे वळले. मामाजींनी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क गिऱ्हाइकाचा. तुमच्या रंगकामावर भांडून बघता येईल, पण त्या घरच्या लोकांना साक्षीला आणावं लागेल. मामाजी उठलेच. "ज्याईले रडताना पाह्यलं त्याईले कोर्टात उभं करू?"

शेवटी ते स्वतः त्या स्टुडिओत गेले. अर्धा रंगवलेला एक कोट दाखवायला घेतला आणि मलाही घेतलं. मी पदर धरून दारातच उभी राहिले.

"बसा मामा, बसा," स्टुडिओवाला म्हणाला. "बटण नाही म्हणून कोट तुमचा? अन् चेहरा? तो कोणाच्या लग्नातून उचलला जी? तो फोटो ज्यानं काढला त्याले विचारलं होतं काय तुम्ही?"

दुकानातली माणसं हसली. मामाजींनी हातातल्या कागदाकडे बघितलं.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "चेहरा मीही दुसऱ्याचाच घेतो. कधी विचारलं नाही. पण कोट कोणाच्या लग्नातला नाही गा. तो ह्या पोरीनं काढला. तिचं नाव नको लिहू, चालते. पण तुझं लिहू नको."

मी जमिनीकडे बघत राहिले. माझ्या कामाचं चारचौघांत कोणी बोललं ते तेवढंच.

स्टुडिओवाला "बरं" म्हणाला. नंतर त्याने एकच बदल केला. प्रत काढली की तिसरं बटण भरू लागला. असा पहिला फोटो मामाजींनी पाहिला आणि म्हणाले, "झाला वं कोट पुरा." मग त्यांनी भिंतींकडे बघणं सोडलं. कुणाकडे गेले तर दाराकडे तोंड करून बसत.

ते थंडीत गेले. सदऱ्यातला एक फोटो होता, त्यावर मी कोट काढला, तिसरं बटण सोडून. भिवापूरच्या नणंदेला एक प्रत हवी होती. मी करते म्हटलं होतं, पण तिला धीर नव्हता. जावईबापू आमच्या घरचा फोटो त्या नव्या स्टुडिओत घेऊन गेले.

मिरच्या वाळत घालायच्या दिवसांत मी तिच्याकडे गेले. समोरच्या भिंतीवर मामाजी होते, चारही बटणं लावलेले.

"छान झाला ना वं वहिनी?" नणंद म्हणाली. "तुझ्याकडून बटण राहून गेलं होतं. त्यानं फुकटात लावून देलं."

ती अंगणात मिरच्या हलवायला गेली तेव्हा मी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले. जावईबापूंच्या दाढीचं पातं घेतलं आणि मामाजींनी शिकवलं होतं तसं, श्वास रोखून, कागद न फाडता, बटण खरवडलं. खाली पांढरं झालं. चुलीवरच्या भांड्याची काजळी बोटावर घेऊन ते झाकलं आणि मधे काजाची बारीक रेघ ओढली.

"काय करून राहिली वं?" नणंदेनं बाहेरून विचारलं.

"जाळं धरलं होतं," मी म्हटलं.

फ्रेम पुन्हा टांगली, हात पुसले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मग तिला पाणी मागितलं.