कंपनी बोलतेय

स्वराज्य आल्यानंतर सरकारशी न्यायासाठी एकट्याने झगडणारी जी थोर माणसं मी जवळून पाहिली, त्यांत माझ्या मावशीच्या यजमानांचा नंबर पहिला लागतो. बाकीची मी पाहिलेली नाहीत आणि काकांचा झगडा दोन आण्यांचा होता, एवढं सांगून पुढे जातो.

काकांची टेलिफोन कंपनी होती. कंपनी म्हणजे स्वतः काका, पडवीतलं एक्स्चेंजचं लाकडी खोकं आणि माडांना बांधत बांधत मांडवीपासून रत्नागिरीच्या बाजारापर्यंत नेलेली तार. वारा सुटला की माड हलत आणि बोलणाऱ्याचा आवाज समुद्रावर जाऊन परत आल्यासारखा वाटे. गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी; पण हँडल फिरवल्यावर "कंपनी बोलतेय" असा जो खर्जातला आवाज येई, तो ऐकून नवखा माणूस बसल्या जागी उभा राही. जेवणाच्या वेळी फोन केला तर "कंपनी जेवतेय" असं उत्तर मिळे. मावशीसुद्धा आतून ओरडे, "कंपनीला म्हणावं, पान वाढलंय, आमटी निवतेय!" काका स्वतः मात्र फोनवर कधी बोलत नसत. वकिलांना निरोप द्यायचा तर भर उन्हात छत्री घेऊन चालत जात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "फोनवर खाजगी बोलू नये रे. कंपनी ऐकते." ऐकून गप्प बसत असती तरी चाललं असतं. एका स्थळाविषयी दोन घरांत बोलणं रंगलं असताना "मुलगा चांगला आहे, पण सकाळी उठत नाही" असा कंपनीचा अभिप्राय मधेच पडला आणि ते लग्न राहिलं. पुढे त्या मुलाची नोकरीही त्याच कारणाने गेली. तेव्हापासून गावातले लोक सोयरिकीचं बोलणं मुद्दाम फोनवरच करू लागले.

झगडा असा होता. परवाना देताना सरकारने दर बांधून दिला होता: एका फोनला दोन आणे, मग कितीही बोला. हा दर ठरवणारा माणूस रत्नागिरीचा नसणार. आमच्याकडे "निघतो" म्हटल्यावर माणूस अंगणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, उभा राहून खरं बोलायला सुरुवात करतो. देवळासमोरच्या डॉक्टरांनी रिसीव्हर खिडकीत ठेवला आणि वकिलांच्या आईने एकादशीचं अख्खं कीर्तन, आरतीसकट, दोन आण्यांत ऐकलं. तोवर तिकडे बॅटरीचे सेल झिजत होते. ते मुंबईहून बोटीने येत आणि दर खेपेला महाग होऊन येत. दर वाढवू द्या, नाहीतर कंपनी बंद पडेल, असा अर्ज काका सरकारला पुन्हा पुन्हा करत. त्यातलं इंग्रजी माझं असे, संताप त्यांचा.

सेल सर्वांत जास्त खात ते मांडवीचे बशीरभाई आणि बाजारातले नानाशेट. एक मासळीचे व्यापारी, दुसरे किराण्याचे. बशीरभाईंनी एकदा कापा म्हणून पाठवलेला फणस आतून लिबलिबीत, बरका निघाला, आणि नानाशेटनी ते चार माणसांत सांगितलं. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. रस्त्यात समोर आले तर एक आभाळाकडे बघे, दुसरा गटाराकडे. फोन मात्र अबोल्यात धरलेला नव्हता. रोज दुपारी तासन् तास चाले.

शेवटी एकदा मुंबईहून चौकशीसाठी साहेब आले. काकांनी कोट घातला, आणि तोंडाने काही न सांगता दुपारच्या वेळी साहेबांच्या कानाला एक्स्चेंजचा कर्णा लावला. पलीकडे चाललं होतं:

"अहो, झाडावरच्या फणसात मी आत शिरून बघू काय?"

"शिरायला कशाला पाहिजे? वाजवला की कळतो."

"मग वाजवून घ्यायचा होतात! घेताना तर दोन्ही हात पुढे केलेत!"

"मन मोडवेना तुमचं. बरं, खोकला कसा आहे?"

"आहे तसाच. तुम्ही दिलेली सुंठ मिळमिळीत."

साहेब हसले. मावशीने ठेवलेला चहा निवला, तरी कर्णा खाली येईना. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तुमचं नुकसान मान्य. पण परवान्यातच सोय आहे. तीन मिनिटं झाली की बोलणं तोडायचा अधिकार कंपनीला आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. परवाना त्यांना तोंडपाठ होता. ते कलम आमच्या अर्जांत त्यांनी मला एकदाही लिहू दिलं नव्हतं.

"मधेच तोडू?" ते म्हणाले. "साहेब, हे दोघं बाहेर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी तोडलं, तर पुन्हा जोडणार कोण?"

साहेबांकडे मात्र नियम होता. उपाय हातात असून जी कंपनी तो करत नाही, तिला दरात सवलत देता येत नाही, असा निकाल आला. काकांनी तो वाचून त्याची घडी घातली आणि "इंग्रजी चांगलं आहे" एवढंच म्हणाले. असतील तेवढे सेल त्या दोघांच्या फणसावर जाळले, आणि कंपनी बंद केली. खोकं मावशीने आमसुलं ठेवायला घेतलं.

काही दिवस पडवी नुसती सुनी होती. काका झोपाळ्यावर बसून तारेकडे बघत. मग एका दुपारी बशीरभाई आले आणि पडवीच्या एका टोकाला बसले. थोड्या वेळाने नानाशेट आले आणि पाठ फिरवून दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये काका.

"कंपनी," बशीरभाई खांबाकडे बघत म्हणाले, "जरा बाजार जोडा."

काका उठले, आत जाऊन कोट घालून आले, आणि नानाशेटच्या बाजूला वळले. "कंपनी बोलतेय. मांडवीचा फोन आहे. घेता?"

"घेतो."

"फणस कापाच होता, म्हणतायत."

हे पुढे रोज चाललं, अगदी काकांचा आवाज जाईपर्यंत. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचं बोलणं मधेच तोडल्याचं मला आठवत नाही. दर कंपनीने स्वतःच ठरवला होता: एका फोनला पानाचा एक विडा, मग कितीही बोला. सरकारने त्याला हरकत घेतली नाही.